विषयांच्या सीमेवरील संशोधन आणि विद्यापीठाचे अनुदान

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील पालक-विद्यार्थी सभेत एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, वेळेचा सदुपयोग अशा विषयांवरील भाषणे छापली जातात. ती आवश्यक आहेतच. परंतु यंदा कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक मला दिली, म्हणून मी थोडा आडवळणाचा विषय घेतला आहे. एकाहून अधिक विषयांना स्पर्श करणाऱ्या संशोधनासाठी प्राध्यापक मंडळी जेव्हा आपल्याच विद्यापीठाकडे पैसे मागतात, तेव्हा त्यांचा अर्ज कोण वाचतो, कशावरून पसंत करतो आणि कशावरून बाजूला ठेवतो, हा तो विषय होय. ‘मास्तर, याचा आम्हांशी काय संबंध?’ असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. तो संबंध सांगण्यासाठीच मी उभा आहे.

मी बी. ए., बी. एड. झालेला शाळामास्तर. विद्यापीठाच्या समितीत मी कधी बसलो नाही. परंतु माझे काही सहाध्यायी आज महाविद्यालयांत शिकवितात, अर्ज करतात, कधी पैसे मिळवितात व पुष्कळदा मिळवीत नाहीत. त्यांच्याशी झालेल्या चर्चा आणि या विषयावरचे थोडेफार वाचन, एवढ्या शिदोरीवर मी बोलत आहे.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. म्हणजे माझ्यासारख्या तिशीतल्या माणसाला बंदराआधीचा हा किनारा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातूनच ठाऊक. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी या उरण तालुक्यात आंदोलन झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच माणसे गेली, हे तुम्हांला सांगायला नको. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना बंदरासाठी उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसविण्यात आले. तेथे घरांना वाळवी लागली आणि तिने भिंतींपासून वाशांपर्यंत सारे पोखरले. आता मला सांगा, हा प्रश्न कोणत्या विषयाचा? वाळवी प्राणिशास्त्राची. जमीन कशी आहे ते भूगोल व मृदाशास्त्र सांगणार. घर बांधणे स्थापत्यशास्त्राचे काम. पुनर्वसनाची जबाबदारी कोणाची ते कायदा ठरविणार, आणि त्या घरातली माणसे कशी दिवस काढतात हे समाजशास्त्राने पाहावयाचे. वाळवीला मात्र यांपैकी एकही सीमा ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण मासेमारीचे. खाडीत भराव पडला, कांदळवन तुटले, प्रवाह बदलला, मासळी कमी झाली, असे येथील पारंपरिक मच्छीमार कित्येक वर्षे सांगत होते. अखेर ते राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाच्या पुण्यातील खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयीन बाजूत मी शिरत नाही. मला दिसते ते एवढेच की, भरपाईचा आकडा काढायचा म्हणजे खाडीत पूर्वी किती व कोणती मासळी होती, भरावाने तिचे काय झाले, आणि एका घराचे उत्पन्न त्यामुळे किती घटले, या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडाव्या लागतात. ही जोडणी आधीच शांतपणे, वर्षानुवर्षांच्या नोंदींसह कोणी करून ठेवलेली असती तर? ती करण्याची जागा म्हणजे विद्यापीठ आणि त्याला संलग्न महाविद्यालये. आता १३ जानेवारी २०२४ पासून शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतूही वाहता झाला आहे. येथील पाणी, जमीन आणि माणसांचे धंदे पुन्हा बदलणार आहेत. त्यांची नोंद कोण ठेवणार?

समजा, आपल्या तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयातील तीन अध्यापकांनी हे काम करावयाचे ठरविले. एक प्राणिशास्त्राचे, एक अर्थशास्त्राचे, एक भूगोलाचे. (ही माणसे काल्पनिक आहेत. कोणी आपल्या गावात त्यांचा शोध घेऊ नये.) त्यांचा प्रश्न असा: खाडीत पाग टाकणाऱ्या, डोल लावणाऱ्या घरांत आज मासळीपासून किती पैसा येतो, यार्डातल्या नोकरीतून किती येतो, आणि खाडीतली कोळंबी, बोईट, चिंबोऱ्या, निवट्या यांच्या घटीचा या बदलाशी काय संबंध आहे?

रायगड जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी या विद्यापीठाची लघु संशोधन प्रकल्पांची योजना आहे. पुणे विद्यापीठातही महाविद्यालयीन अध्यापकांना असे अनुदान मिळत आले आहे. दिल्लीच्या मोठ्या संस्थांच्या मानाने ही रक्कम फारच लहान. परंतु लहान रकमेचे महत्त्व लहान नसते. मोठ्या अनुदानासाठी अर्ज करताना ‘आधी काय काम केले?’ असे विचारतात, आणि ते पहिले काम या लहान पैशातूनच उभे राहते. तरुण अध्यापकाची ही पहिली पायरी होय. म्हणून येथे अर्ज अडला की माणूस पुढच्या दहा वर्षांसाठी अडतो.

परिपत्रक येते, ठरावीक नमुन्यात अर्ज भरावयाचा, प्राचार्यांची सही-शिक्का घ्यावयाचा, प्रती विद्यापीठात पाठवावयाच्या. तेथे छाननी होते, विषयवार गठ्ठे लागतात, जाणकारांकडे ते वाचनासाठी जातात, आणि बहुधा अर्जदारांना समितीपुढे काही मिनिटे बोलावयास बोलावतात. एकंदरीत रीत सर्वत्र अशीच. यांत सर्वांत निर्णायक क्षण कोणता, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, गठ्ठे लावण्याचा. तो क्षण कोणाच्या लक्षातही येत नाही. अर्जाच्या पहिल्या पानावर ‘विषय’ असा एक रकाना असतो. आपले तीन अध्यापक तेथे काय लिहिणार? प्राणिशास्त्र लिहिले तर गठ्ठा प्राणिशास्त्रज्ञाकडे जाईल आणि घरोघरच्या उत्पन्नाची प्रश्नावली पाहून तो कपाळाला आठ्या घालील. अर्थशास्त्र लिहिले तर तिकडचे तज्ज्ञ कोळंबीच्या जातींची लांबलचक यादी पाहून पान उलटतील. दोन्ही लिहिले तर तो कागद कोणत्या गठ्ठ्यात ठेवावा असा प्रश्न कार्यालयातील कारकुनाला पडेल, आणि त्या बिचाऱ्याचा यात काय दोष?

कोणी म्हणेल, आता तर कायद्यानेच याची सोय केली आहे. खरे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला आणि त्याने विद्यापीठांत चार विद्याशाखा ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. नाव ऐकून आनंद झाला ना? परंतु या चौथ्या घरात कोण राहते ते पाहा. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या, समाजकार्य इत्यादी. म्हणजे माझे बी. एड. आता आंतरविद्याशाखीय झाले आहे! मला त्याचा अभिमान आहे, परंतु कोळंबी आणि कुटुंबाचा खर्च यांचा एकत्र विचार करणारा अर्ज तेथे नेला तर त्या खोलीत ना प्राणिशास्त्रज्ञ ना अर्थशास्त्रज्ञ. दोन विषयांना जोडणारा पूल हवा होता, तेथे एक चौथी चाळ बांधली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता अर्ज वाचणाऱ्याकडे वळू. आपल्याला वाटते, जाणकार जितका जवळचा तितका तो उदार असेल. अनुभव उलटा आहे, आणि त्याची चांगली पाहणीही झालेली आहे. अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय विद्यापीठात अंतर्गत अनुदानासाठी आलेले १५ प्रस्ताव १४२ संशोधकांना वाचावयास दिले गेले, प्रत्येकाने सर्व पंधरा वाचले, असे एकूण २,१३० वेळा गुणदान झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असे आढळले की, प्रस्ताव परीक्षकाच्या स्वतःच्या विषयाच्या जितका जवळ, तितके त्याने गुण कमी दिले. आणि ज्या प्रस्तावात कल्पना फारच नवी होती, त्यालाही गुण कमी पडले. यात दुष्टावा नाही. सुताराला दुसऱ्याच्या चौकटीतला फटीचा सांधा चटकन दिसतो, तसेच हे. परंतु सीमेवरच्या अर्जाचे यात काय होते पाहा. प्राणिशास्त्रज्ञ त्यातला प्राणिशास्त्राचा तुकडा कसून तपासतो व म्हणतो, ‘नमुने थोडे आहेत.’ अर्थशास्त्रज्ञ अर्थशास्त्राचा तुकडा तपासतो व म्हणतो, ‘कुटुंबे थोडी आहेत.’ एका विषयाच्या अर्जाला एक सासू, आपल्या अर्जाला तीन. आणि तिन्ही तुकडे एकत्र ठेवल्यावर जे नवे दिसणार आहे, त्याला गुण देण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

गुणांच्या बेरजेचेही पाहा. पालकांना गुणपत्रिका चांगली समजते, म्हणून उदाहरणादाखल आकडे घेतो. एका चाकोरीतल्या अर्जाला तीन परीक्षकांनी ६५, ६६ व ६४ गुण दिले. बेरीज १९५. आपल्या खाडीच्या अर्जाला भूगोलज्ञाने खूश होऊन ८२ दिले, इतर दोघांनी ४८ व ५५. बेरीज १८५. पहिला अर्ज वर, दुसरा खाली. पहिला कोणालाच फारसा आवडलेला नाही आणि कोणालाच खुपलेला नाही. दुसऱ्यात एका माणसाला काहीतरी विशेष दिसले आहे. तीन परीक्षकांत इतके अंतर का पडले, हे विचारायलाच हवे होते, आणि सरासरी काढणारा नेमके तेच विचारीत नाही. जेथे समिती प्रत्यक्ष बसून अशा मोठ्या फरकाच्या अर्जांवर बोलते तेथे न्याय होण्याची शक्यता वाढते. जेथे केवळ तक्ता करून रेघ मारतात तेथे ती राहत नाही.

समितीच्या खोलीत आणखी एक शिष्टाचार चालतो. मिशेल लॅमाँ नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील अशा समित्यांचा अभ्यास करून २००९ साली एक ग्रंथ लिहिला. त्यांना दिसले की, सदस्य एकमेकांच्या विषयाचा मान राखतात. इतिहासाचा अर्ज आला की इतिहासाच्या माणसाचा शब्द शेवटचा. आपल्याकडेही ‘सर, हा तुमचा प्रांत, तुम्हीच सांगा’ असे म्हणण्याची पद्धत आहेच. चांगली पद्धत आहे. पण जो अर्ज कोणाच्याच प्रांतातला नाही त्याच्या वेळी सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि कोणीतरी हळूच म्हणतो, ‘जरा खिचडी झाली आहे.’ झाले, अर्ज गेला. खिचडी हा आपल्या घरातला किती चांगला पदार्थ! डाळ आणि तांदूळ एका भांड्यात शिजतात, एकमेकांचे पाणी पितात. तरी मराठीत एखाद्या कामाला खिचडी म्हटले की ती शिवी ठरते.

हे केवळ आपल्याकडचे रडगाणे आहे असे समजू नका. ऑस्ट्रेलियात संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेल्या अठरा हजारांहून अधिक अर्जांची तपासणी करून २०१६ साली असे दाखविण्यात आले की, अर्जात एकमेकांपासून जितके दूरचे विषय एकत्र आले, तितकी त्याची मंजुरीची शक्यता कमी होत गेली. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘स्ट्राइड’ नावाची, विषयांच्या पलीकडे जाणाऱ्या संशोधनासाठी वेगळी योजना जाहीर केली आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुष्कळ पुरस्कार आहे. धोरणात शब्द आला तरी परीक्षकाच्या टेबलावर त्याचा रकाना यावयास वेळ लागतो.

आता दुसरी बाजू, कारण एकतर्फी बोलणे शिक्षकाला शोभत नाही. असे अनेक अर्ज खरोखरच नामंजूर होण्याच्या लायकीचे असतात. परिपत्रकात ‘आंतरविद्याशाखीय प्रस्तावांस प्राधान्य’ अशी ओळ दिसली की शेजारच्या विभागातल्या स्नेह्याचे नाव शेवटच्या दिवशी अर्जात घालावयाचे, त्याने सही करावयाची आणि चहा प्यावयाचा, एवढाच त्याचा सहभाग. समितीतील माणसे वर्षानुवर्षे हे पाहतात व मग प्रामाणिक अर्जाकडेही त्याच नजरेने पाहू लागतात. वरवरच्या जोडीला ओळखण्याची एक साधी कसोटी मला एका मित्राने सांगितली: अर्जातून एक विषय पूर्ण काढून टाका आणि मूळ प्रश्न शिल्लक राहतो का ते पाहा. राहत असेल तर दुसरा विषय शोभेचा होता.

आपल्या खाडीच्या अर्जाला ही कसोटी लावू. प्राणिशास्त्राचे अध्यापक उधाणाच्या दिवशी जाऊन नमुने गोळा करतात, आणि अर्थशास्त्राचे अध्यापक सवडीने रविवारी घरोघर जाऊन ‘महिन्याला किती मिळते?’ असे विचारतात. दोन वेगळे अहवाल, शेवटी एकत्र बांधलेले. ही ताटातली वाट्यांची मांडणी झाली, भाजी वेगळी, आमटी वेगळी. याउलट, त्याच तीस घरांची जाळी त्याच उधाणाच्या आणि त्याच भांगाच्या दिवशी तोलली, जातवार मोजली, आणि त्याच दिवशी त्या घरातल्या बाईने बाजारात ती किती रुपयांना विकली हे लिहिले, तर मासळी आणि पैसा एका ओळीत येतात. मग ‘अमुक जातीची कोळंबी घटली म्हणजे घराचे अमुक रुपये गेले’ असे म्हणता येते. नकाशावर भूगोलाचे अध्यापक ते घर कोणत्या खाडीमुखावर अवलंबून आहे हे दाखवितात. आता एकही विषय काढता येत नाही. असा अर्ज लिहिणे कष्टाचे आहे, परंतु वाचणाऱ्याला तो खिचडी म्हणून टाकता येणार नाही.

चांगला परीक्षक अशा अर्जात काय शोधतो? मुख्य प्रश्न एका वाक्यात, कोणत्याही एका विषयाची परिभाषा न वापरता सांगितला आहे का. कोण काय करणार हे नावानिशी लिहिले आहे का. तिघांनी पूर्वी कधी एकत्र काम केले आहे का, निदान एखादा लेख, एखादी क्षेत्रभेट. मतभेद झाला तर शब्द कोणाचा. आणि एकमेकांची भाषा शिकण्यासाठी वेळ धरला आहे का, हे तर फारच महत्त्वाचे, कारण ‘नमुना’ हा एकच शब्द प्राणिशास्त्रात बरणीतला मासा असतो आणि अर्थशास्त्रात निवडलेली कुटुंबे. पहिले दोन महिने अशा शब्दांतच जातात.

पैशाच्या बाबतीत तर गंमत आहे. अंदाजपत्रकात ठरावीक शीर्षके असतात: पुस्तके, साहित्य, प्रवास, किरकोळ खर्च. खाडीत जायला होडी लागते. होडीचे भाडे कोठे दाखवायचे? ‘प्रवास’ म्हटले तर तिकीट जोडा म्हणतात. होडीवाला छापील पावती देत नाही. ज्या घरातली बाई महिनाभर रोज आकडे लिहून ठेवणार, तिला काही मानधन द्यायचे की नाही, याला तर शीर्षकच नाही. समित्या बहुधा सर्वांचीच रक्कम थोडी थोडी कापतात, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना काहीतरी मिळते. हेतू उदार, परंतु एका विषयाच्या कामात दहा पुस्तके कमी घेता येतात, तिघांच्या कामात प्रवास निम्मा झाला की तिसरा माणूस घरी बसतो, आणि प्रकल्प पुन्हा दोन सुट्या अहवालांवर येतो. वर्षाअखेरीस लेखापरीक्षकाच्या सहीचे विनियोग प्रमाणपत्र मात्र वेळेवर द्यावेच लागते. ते बरोबरच आहे, पैसा सार्वजनिक आहे. माझे म्हणणे इतकेच की, होडीचा कच्चा हिशेब तारीख, वेळ, सहीसह मान्य करण्याचा नियम विद्यापीठाने आधीच करून ठेवावा. त्याने कोणताही घोटाळा होणार नाही.

इतरत्र काही उपाय करून पाहिले गेले आहेत. इंग्लंडातील ब्रिटिश अकॅडमीने २०२२ पासून आपल्या लहान अनुदानांसाठी एक धाडसी प्रयोग केला. गुणवत्तेची रेघ ओलांडणारे अर्ज वेगळे काढावयाचे, आणि पैसे थोडे, अर्ज फार अशी स्थिती असेल तर त्यांत चक्क चिठ्ठ्या टाकावयाच्या. ६५ आणि ६४ यांतला फरक खरा नसतोच, मग खरा असल्याचे सोंग कशाला, असा त्यामागचा विचार. आपल्या समाजात चिठ्ठी टाकून नंबर लावणे नवीन नाही, भिशीत आपण तेच करतो. तरीही मला वाटते, आपल्याकडे चिठ्ठीच्या आधी एक साधी गोष्ट व्हावी. सीमेवरचे अर्ज वेगळे काढून त्यांच्यासाठी एकत्रित बैठक घ्यावी, त्यात संबंधित प्रत्येक विषयाचा एक जाणकार असावा व एक असा असावा की जो कोणत्याच विषयाचा नाही परंतु स्वतः असे काम करून चुकलेला आहे. आणि नामंजूर अर्जाला कारण लेखी कळवावे. ‘आपला प्रस्ताव मंजूर होऊ शकला नाही’ या एका ओळीतून माणूस काय शिकणार?

येथे मला दामोदर धर्मानंद कोसंबी यांची आठवण होते. गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा माणूस गणिताचा प्राध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. त्यांनी प्राचीन आहत नाणी घेतली, ती एकेक करून काट्यावर तोलली. नाणे हातोहात फिरून झिजते, त्याचे वजन घटते. त्या घटीवर संख्याशास्त्र लावून त्यांनी नाण्यांचा कालक्रम व इतिहास यांविषयी अनुमाने काढली, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, ते व्हावयाचेच. पण कल्पना करा, ‘गणिताचा प्राध्यापक, जुनी नाणी तोलण्यासाठी तराजूचा खर्च’ असा अर्ज विषयवार गठ्ठे लावणाऱ्या टेबलावर आला असता तर तो कोणत्या गठ्ठ्यात पडला असता! इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या आणि वि. म. दांडेकर अर्थशास्त्र-संख्याशास्त्राचे. दोघांनी मिळून महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनावर १९५१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे ही परंपरा आपल्या मातीत आहे, परदेशातून आणावी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांत २००६ पासून ‘आविष्कार’ नावाची संशोधन स्पर्धा होते. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तिच्यात भाग घेऊ शकतो. महाविद्यालय, जिल्हा अथवा विभाग, विद्यापीठ आणि मग राज्य, अशा पायऱ्या. अनेक वर्षे तिचे सहा गट राहिले: मानव्यविद्या, भाषा व ललित कला, वाणिज्य, व्यवस्थापन व विधी, मूलभूत विज्ञाने, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, औषध व वैद्यक. म्हणजे तुम्हांलाही तोच रकाना भेटणार. कंटेनर ट्रेलर चालविणाऱ्यांच्या पाठदुखीवर काम करायचे असेल तर ते वैद्यक की वाणिज्य? माझा व्यावहारिक सल्ला असा: ज्या गटाचे परीक्षक तुमची मोजमापाची पद्धत तपासू शकतील तो गट निवडा, आणि बाकीचे विषय पहिल्या दोन मिनिटांत साध्या भाषेत समजावून सांगा. परीक्षक हुशार असतात, पण दिवसभरात पुष्कळ तक्त्यांपुढे उभे राहून थकलेले असतात. त्यांच्यावर शब्दांचा मारा करू नका.

आणि पालकहो, आपल्या घरांत अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी जो प्रश्न विचारला जातो, ‘सायन्स की आर्ट्स?’, त्याचे उत्तर जणू आयुष्यभराचा निकाल असे आपण मानतो. सायन्स घेतलेल्या मुलीने इतिहासाचे पुस्तक हातात घेतले की अम्मी म्हणते, ‘हे तुझ्या अभ्यासात आहे का?’ विद्यापीठाच्या समितीतील जो विद्वान अर्जाला खिचडी म्हणतो, तोही कधीकाळी असल्याच एका घरात वाढलेला असतो. तो रकाना आधी आपल्या ओट्यावर आखला जातो, छापखान्यात नंतर.

एक शेवटची, अगदी व्यवहाराची गोष्ट. आपल्या तालुक्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी व अध्यापक कधीमधी प्रश्नावली घेऊन मोहल्ल्यात, कोळीवाड्यात, यार्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर येतात. ‘कुठला सरकारी माणूस आला’ म्हणून आपण त्यांना वाटेला लावतो, किंवा उत्पन्न मुद्दाम कमी सांगतो. त्यांनी ओळखपत्र दाखविले, काम कशासाठी आहे ते सांगितले आणि नाव छापणार नाही असे लिहून दिले, तर त्यांना बसवून घ्या. आपल्यापैकी काहींच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या हातच्या मासळीच्या विक्रीच्या, होडीच्या दुरुस्तीच्या, मिठागराच्या मजुरीच्या जुन्या वह्या ट्रंकेत पडून असतील. बंदराच्या आधीचे आकडे असलेली अशी एखादी वही अर्जासोबत जोडता आली, तर तिन्ही विषयांच्या परीक्षकांना एकाच कागदावर मान खाली घालून वाचत बसावे लागेल. वह्या रद्दीत घालण्यापूर्वी शाळेत आणून दाखवा. शाळेचे कार्यालय शनिवारी दुपारी एकपर्यंत उघडे असते.